गाडीतल्या त्या अनोळखी गृहस्थाचे ऋण



दर रविवारी आपण ‘उपासना संगीत’ उघडतो, आणि बहुतेक रविवारी रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे एखादे गीत आपल्या तोंडी असते. बाप्तिस्मा असो, लग्न असो, कबरस्तानातली शेवटची प्रार्थना असो, टिळकांच्या ओळी आपल्या सोबत असतात. बेळगावात असो, इंदुरात असो की बडोद्यात, मराठी मंडळी जिथे जिथे आहे तिथे ही गीते आहेत. आपल्या आजीला ती पाठ होती आणि आपल्या मुलांनाही काही तरी पाठ आहेत.

पण ही गीते आपल्यापर्यंत आली ती एका माणसामुळे, आणि त्या माणसाचे नाव आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक नाही. खुद्द टिळकांनाही ते कधी कळले नाही. आज त्या माणसाची गोष्ट आठवावी असे आम्हाला वाटते, कारण ती गोष्ट शेवटी आपल्याकडेच बोट दाखवते.

साल १८९३. टिळक तेव्हा तिशी ओलांडलेले होते. कोकणातल्या करजगावी १८६१ साली चित्पावन ब्राह्मण घरात त्यांचा जन्म झाला होता. संस्कृताचा उत्तम अभ्यास, कवितेची देणगी आणि स्वभाव अतिशय अस्वस्थ. एका ठिकाणी फार दिवस पाय टिकत नसे. जातिभेद त्यांना सलत होता. देशाचे भले कशाने होईल, खरा धर्म कोणता, हे प्रश्न डोक्यात सतत फिरत होते. नागपुरात काही काळ काढल्यावर त्यांना राजनांदगाव संस्थानात नोकरी मिळाली आणि ते नागपूरहून आगगाडीने निघाले.

डब्यात एक युरोपियन गृहस्थ होते. त्या काळातला साहेब म्हणजे काय, हे आपण वाडवडिलांकडून ऐकलेले आहे. नेटिव्ह माणूस डब्यात शिरला की कपाळाला आठ्या घालणारेच फार. या गृहस्थाने मात्र टिळकांना अदबीने जागा करून दिली. बोलणे निघाले ते धर्मावर नव्हे, संस्कृत साहित्यावर. टिळकांच्या आवडीचा विषय! गप्पा रंगल्या. मग केव्हा तरी त्या गृहस्थाने विचारले की ख्रिस्ती धर्माविषयी तुमचे मत काय. टिळकांनी मोकळेपणाने सांगितले. त्यावर त्याने वाद घातला नाही. त्यांना एक नवा करार दिला, हा वाचा म्हणून सांगितले आणि हेही म्हटले की दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळकांना ते भाकीत हास्यास्पदच वाटले. स्टेशन आले, दोघे आपापल्या वाटेने गेले. पुन्हा भेट नाही.

वाचीन म्हणून शब्द दिला होता, म्हणून टिळकांनी पुस्तक उघडले. हातात पेन्सिल घेऊन पहिल्या पानापासून वाचायला लागले. वाचता वाचता मत्तयाच्या शुभवर्तमानातले डोंगरावरील प्रवचन आले आणि तिथे ते थांबले. ज्या प्रश्नांची उत्तरे इतकी वर्षे शोधत होते ती इथे प्रेमाने आणि अधिकाराने कोणी तरी देत आहे, असे त्यांना वाटले. पुढे मनाची मोठी ओढाताण झाली. घरच्यांचे काय, पत्नीचे काय, लहान मुलाचे काय! पण १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. गाडीतल्या त्या भेटीला तेव्हा दोन वर्षे होत होती.

बंधुभगिनींनो, त्या गृहस्थाने काय केले ते नीट पाहा. जागा करून दिली. समोरच्याच्या आवडीचे बोलणे काढले. एक प्रश्न विचारला आणि उत्तर ऐकून घेतले. एक पुस्तक दिले. गाडीच्या एका प्रवासात बसेल एवढेच काम! त्याने उपदेशाची सभा भरवली नाही की कोणत्या अहवालात टिळकांचे नाव लिहिले नाही. पुढे टिळकांनी काय काय लिहिले, किती जणांना धीर दिला, यातले त्याला काहीही कळले असण्याची शक्यता कमीच. आपण मात्र ते रोज पाहतो. त्या गृहस्थाने एका दुपारी जे दिले, ते आज सव्वाशेहून अधिक वर्षांनी आपण दर रविवारी गातो.

सुवार्तेचा इतिहास वाचला की पुन्हा पुन्हा हेच दिसते. प्रेषितांची कृत्ये यातला अकरावा अध्याय आठवा. स्तेफनाच्या वधानंतर छळ सुरू झाला, विश्वासणारे पांगले. त्यांतली कुप्र व कुरेने इथली काही माणसे अंत्युखियात आली आणि तिथल्या ग्रीक लोकांशी प्रभू येशूविषयी बोलू लागली. पुष्कळ लोक प्रभूकडे वळले. शिष्यांना ‘ख्रिस्ती’ हे नाव पहिल्याने मिळाले ते याच शहरात. पौल आणि बर्णबा पुढे दूरच्या प्रवासाला निघाले तेही इथूनच. एवढी मोठी मंडळी, पण तिची सुरुवात करणाऱ्यांची नावे लूकने दिलेली नाहीत. ते प्रेषित नव्हते. घर सोडून पळालेली, नव्या गावात पोट भरायला लागलेली साधी माणसे होती. आपल्यापैकी किती जणांचे पूर्वज असेच नोकरीसाठी, दुष्काळामुळे, पलटणीबरोबर किंवा रेल्वेबरोबर आपला मुलूख सोडून या शहरांत येऊन राहिले! अंत्युखियाची ती नाव नसलेली माणसे आपल्याला परकी वाटू नयेत.

पंडिता रमाबाईंची कथाही अशीच आहे. रमाबाई म्हटले की आपल्याला केडगावचे मुक्ती मिशन आठवते, दुष्काळात वाचवलेल्या मुली आठवतात, आयुष्याच्या शेवटापर्यंत चाललेले बायबलचे मराठी भाषांतर आठवते. पण त्यांच्या हाती शुभवर्तमान कुठे आले? आसामात सिलचर इथे, पतीच्या पुस्तकांमध्ये. लूककृत शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत तिथे पडून होती. ती कोणी छापली, कोणी आणून दिली, कोणाच्या हातून त्या घरात पोहोचली! ज्याने ती दिली त्याच्या स्वप्नातही नसेल की एक मराठी विदुषी ती उचलून वाचेल.

पुढे १८८३ साली रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज इथल्या भगिनींच्या मठात राहिल्या. त्या भगिनींचे लंडनजवळ फुलहॅम इथे एक काम चालत असे. समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांना तिथे प्रेमाने सांभाळत. आपल्याकडे अशा स्त्रियांना कोणी दारात उभे करत नाही, हे रमाबाईंनी पाहिलेले होते. त्यांना आश्चर्य वाटले. हे तुम्ही का करता, असे त्यांनी विचारले. तेव्हा एका भगिनीने योहानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट त्यांना वाचून दाखवली. रमाबाईंनी आपल्या साक्षीत हा प्रसंग लिहून ठेवला आहे. स्त्रीला खरोखर वर उचलणारा ख्रिस्तच आहे, हे त्यांना तिथे जाणवले. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांचा बाप्तिस्मा झाला.

इथे क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. आधी काम दिसले, मग प्रश्न आला, मग वचन उघडले गेले. त्या भगिनीने रमाबाईंना गाठून उपदेश केला नाही. पण प्रश्न आला तेव्हा ती गप्पही बसली नाही. ‘अहो, आम्ही आपले करतो झाले’ असे म्हणून तिने विषय टाळला नाही.

हे लिहिताना आम्हाला आमचीच एक चूक आठवते. आमच्या शेजारी एक कुटुंब राहत असे. घरातल्या कर्त्या पुरुषाचे मोठे आजारपण निघाले. दवाखान्यात डबा नेणे, रात्री सोबतीला बसणे, मुलांना शाळेतून आणणे हे आम्ही आळीपाळीने केले. एकदा त्या वहिनींनी विचारले, “तुमच्याही घरात एवढी दुःखे झाली, तरी तुम्ही इतके शांत कसे राहता?” आम्ही काय म्हणालो? “होतं सगळं ठीक, काळजी करू नका.” बस, एवढेच! ज्या प्रभूने आमच्या घरातली दुःखे उचलली त्याचे नाव ओठांपर्यंत आले आणि तिथेच राहिले. त्यांना काय वाटेल, आम्ही यासाठीच मदत केली असे तर वाटणार नाही ना, ही भीती. पुढे ते कुटुंब दुसऱ्या गावी गेले. वहिनींनी भाकर मागितली होती आणि आम्ही तिच्या वासावरच त्यांची बोळवण केली, ही टोचणी अजून आहे.

भीती ही काही आजची नाही. आमच्या बेळगावचेच उदाहरण घ्या. लंडन मिशनरी सोसायटीने इथे १८२० साली काम सुरू केले. त्यानंतर अकरा वर्षांनी, १८३१ मध्ये, इथल्याच एका कासार घरात बाबा पदमनजी जन्मले. मिशनच्या शाळेत ते शिकले, पुढे मुंबईला गेले. ख्रिस्ताची शिकवण मनाला पटली, तरी ती उघड कबूल करायला त्यांना बराच काळ लागला. आईवडील, बिरादरी, लोकांचे बोलणे, सगळे डोळ्यांसमोर उभे राहत असे. ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात ही मनाची झुंज त्यांनी काही न लपवता लिहिली आहे. शेवटी १८५४ साली याच बेळगावात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याची किंमतही मोजली. आणि मग या माणसाने लेखणी खाली ठेवली नाही. विधवांचे हाल मांडणारे त्यांचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली निघाले. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून ती ओळखली जाते. जो एकेकाळी बोलायला भीत होता, त्याचे शब्द आज दीडशे वर्षांहून अधिक काळ बोलत आहेत. म्हणून मला भीती वाटते, मी या कामाचा नाही, असे कोणी म्हणू नये. भीती वाटणाऱ्यांच्या यादीत फार मोठी नावे आहेत.

आज मात्र भीतीला आणखी एक कारण जोडले गेले आहे. साक्ष द्यायला गेलो आणि कोणी वेगळाच अर्थ काढला तर, असे आपले तरुण विचारतात. प्रश्न खरा आहे, तो हसण्यावारी नेऊ नये. आपल्या संविधानाचे पंचविसावे कलम प्रत्येकाला सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य देते आणि धर्म उघडपणे मानण्याचा, आचरण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा हक्कही देते. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांची मर्यादा त्याला आहे. १९४८ च्या डिसेंबरात संविधान सभेत ‘प्रसार’ या शब्दावर चर्चा झाली, तेव्हा कन्हैयालाल मुन्शींसारख्या हिंदू सदस्यांनीही तो शब्द राहू द्यावा म्हणून भाषण केले, हे आपण कृतज्ञतेने आठवावे. पुढे १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की आपल्या धर्माची तत्त्वे समजावून सांगणे हा हक्क आहे, दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणणे हा हक्क नाही.

थोडा विचार केला तर ख्रिस्ती माणसाला हे जड वाटू नये. मन बदलणे हे आपले काम कधी नव्हतेच, ते पवित्र आत्म्याचे काम. आपल्याकडे फक्त साक्ष सोपवलेली आहे. आमिष दाखवणे, दबाव आणणे, दुसऱ्याच्या श्रद्धेची टिंगल करणे, ही कामे कायद्याने रोखली नसती तरी प्रभूला शोभली नसती. श्रीमंत तरुण खिन्न होऊन निघून गेला तेव्हा येशूने त्याचा हात धरून ठेवला नाही. त्याच्यावर प्रीती केली आणि त्याला जाऊ दिले.

हेच टिळकांच्या घरात पाहायला मिळते. टिळकांचा बाप्तिस्मा झाला तेव्हा लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळले. काही वर्षे त्या आपल्या माणसांत वेगळ्या राहिल्या. पुढे मुलाला घेऊन पतीकडे आल्या त्याही आपला धर्म सांभाळून. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे, सोवळेओवळे कायम. टिळक शीघ्रकोपी होते, हे लक्ष्मीबाईंनीच ‘स्मृतिचित्रे’त हसत हसत सांगितले आहे. पण या बाबतीत त्यांनी पत्नीवर सक्ती केली नाही. घरात प्रार्थना होत होती, दीनदुबळ्यांची ये-जा होती, बाई पाहत होत्या. त्यांच्या मनातून आधी जातिभेद गळून पडला. मग हळूहळू विश्वास रुजला. १९०० साली त्यांनी स्वतः होऊन बाप्तिस्मा घेतला. अनेक निराधार मुलांना पुढे याच घराने आसरा दिला. टिळक १९१९ साली गेले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे होते. शाळेची पायरी न चढलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुरे केले. सक्तीने आणलेल्या माणसाच्या हातून असे काम होत नाही.

आणि बोलायचे तर कोणत्या भाषेत? टिळकांनी याचेही उत्तर दिले आहे. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. म्हणून त्यांनी अभंग लिहिले, कीर्तने केली. १९१७ साली मिशनचा पगार सोडून ते साताऱ्यात राहिले आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून तिथे जागा होती. शेजाऱ्याला कळेल, त्याच्या कानाला गोड लागेल अशा बोलीत त्यांनी प्रभूची ओळख करून दिली. आपणही वहिनींशी, दुकानदाराशी, ऑफिसातल्या सोबत्याशी जसे रोज बोलतो तसेच बोलावे. त्यासाठी व्यासपीठावरची भाषा लागत नाही.

मग या आठवड्यात आपण काय करू शकतो? मोठे काही नको. गाडीतल्या त्या गृहस्थाने केले तेवढे करू या.

पहिली गोष्ट, जागा करून देऊ या. बसमध्ये, रांगेत, दवाखान्याच्या बाकावर. ज्याला आपण जागा देत नाही त्याला आपला देव कसा आवडेल?

दुसरी गोष्ट, आधी ऐकू या. समोरचा माणूस कोण आहे, त्याला कशाची आवड आहे, त्याचे दुःख काय आहे हे मनापासून विचारू या. विचारण्यात कसलाही डाव नको. माणूस मोलाचा आहे म्हणूनच विचारायचे.

तिसरी गोष्ट, कोणी विचारले तर उत्तर देऊ या. “मी प्रार्थना करतो, येशू मला सांभाळतो,” एवढे दोन शब्द पुरे आहेत. ज्याला आणखी जाणून घ्यायचे आहे तो विचारील. नको असेल तर आपला स्नेह तसाच राहील, उलट वाढेल. नामानाच्या घरातली ती दासी किती बोलली होती? शोमरोनात एक संदेष्टा आहे, एवढेच तर तिने धनिणीला सांगितले. परमुलुखात बंदी होऊन आलेली लहान पोर, तिचेही नाव शास्त्रात नाही.

आणि चौथी गोष्ट, फळाचा हिशेब ठेवू नये. राजनांदगावच्या वाटेवरचा तो गृहस्थ फळ न पाहताच गेला असेल. लूकची बंगाली प्रत कोणाला तरी देणाऱ्यानेही ते पाहिले नसेल. अंत्युखियाच्या त्या माणसांची नावे आपल्याला स्वर्गातच कळतील.

येत्या रविवारी टिळकांचे गीत लागले की क्षणभर त्या अनोळखी गृहस्थाची आठवण करू या. त्याचे ऋण त्याला फेडता येणार नाही, कारण तो आपल्याला सापडणार नाही. ते पुढच्याला द्यायचे असते. आम्हीही त्या वहिनींचा पत्ता मिळवला आहे. नाताळाच्या आधी एक पत्र लिहायचे ठरवले आहे, आणि त्यात त्यांच्या जुन्या प्रश्नाचे उत्तर असेल.

हे प्रभू, आमच्या ओठांवरचे भय काढून टाक. आमच्या हातून प्रेमाचे काम घडू दे आणि कोणी कारण विचारले तर तुझे नाव नम्रतेने सांगण्याचे धैर्य आम्हाला दे. ज्यांनी तुला आमच्यापर्यंत आणले त्या सर्व नाव नसलेल्या सेवकांसाठी आम्ही तुझे उपकार मानतो. आमेन.